रस्त्याआधी आलेली गाडी

जुन्या मोटारींचा शौक म्हटला की डोळ्यांपुढे राजेमहाराजे येतात. त्यांच्या रोल्स-रॉईस, पितळेचे दिवे आणि गाडी पुसायला चार नोकर. आमचाही समज तसाच होता. नोकरीनिमित्त काही वर्षे आम्ही ओमानमधील निझवा गावी राहिलो, आणि शेजारच्या अंगणातल्या एका जुन्या टोयोटाने तो समज पार बदलला.

निझवा हे मस्कतपासून सुमारे १६० किलोमीटरवरचे, डोंगराच्या पायथ्याचे जुने गाव. इमामांची ही एके काळची राजधानी. सतराव्या शतकातला गोल बुरुजाचा किल्ला, खजुराच्या बागा आणि शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार यांसाठी ते प्रसिद्ध आहे. आज तिथे रुंद डांबरी रस्ता जातो. पण १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा साऱ्या देशात डांबरी रस्ता होता अवघा १० किलोमीटर! त्यांचे वडील सुलतान सईद हे अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेले. डिसेंबर १९५५ मध्ये ते सलालाहून वाळवंट ओलांडून मोटारींच्या ताफ्यासह निझवाला आले. ‘टाइम्स’चे बातमीदार जेम्स मॉरिस (पुढे जॅन मॉरिस) त्या ताफ्यात होते आणि त्यांनी १९५७ साली त्यावर पुस्तकच लिहिले. म्हणजे निझवाला गाडी आधी आली आणि रस्ता मागाहून. हे ध्यानात घेतले म्हणजे तिथल्या लोकांना कोणती गाडी प्रिय असेल हे वेगळे सांगायला नको.

अशा गाड्यांचे घराणे तसे लहानच. मूळ पुरुष म्हणजे महायुद्धातली अमेरिकन विलीज जीप. आपल्या मुंबईत माझगावला महिंद्रांनी १९४७ साली तिची जुळणी सुरू केली. १९४८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात इंग्लंडची लँड रोव्हर आली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून तिचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे केले, आणि तीच अडचण गुण ठरली, कारण त्या अंगाला गंज चढेना. १९५१ मध्ये जपानच्या टोयोटाने आपली जीप काढली आणि १९५४ साली तिचे नाव लँड क्रूझर ठेवले. १९६० ते १९८४ पर्यंत बनलेली तिची ‘४०’ मालिका आज जगभरचे शौकीन शोधत फिरतात आणि दुरुस्त केलेल्या गाडीला नव्या मोटारीहून जास्त मोल देतात.

शेजाऱ्यांची गाडी याच मालिकेतली, १९७८ सालची. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, खाली पाट्यांच्या स्प्रिंगा, दारे डब्याच्या झाकणासारखी. आत बसले की हाडे खिळखिळी होतात. पण पाना आणि पक्कड हाताशी असली तर रानातसुद्धा ती उघडून बसवता येते, आणि हेच तिचे खरे ऐश्वर्य. शेजारी पेशाने शाळामास्तर. दर शुक्रवारी सकाळी नमाजाच्या आधी ते तिचे इंजिन सुरू करीत आणि पाचदहा मिनिटे नुसते शेजारी उभे राहत.

त्यांचे गाव वर जबल अखदर डोंगरावर. तिथली वाट आता डांबरी आहे, तरी उतार इतका तीव्र की बरकत अल मौझच्या चौकीवर पोलीस आजही चारही चाकांना जोर असलेली गाडीच वर सोडतात. त्यांच्या लहानपणी ही वाट म्हणजे नुसते दगडगोटे. मास्तरांची आई अडली तेव्हा वडिलांनी तिला याच गाडीत घालून रात्री डोंगर उतरायला घेतला. निझवा गाठायच्या आधीच गाडीत मुलगी झाली. मायलेकी सुखरूप राहिल्या.

एकदा दुबईचा एक खरेदीदार आमच्यादेखत दारी आला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आमचेच डोळे पांढरे झाले. मास्तरांनी शांतपणे त्याला कहवा आणि खजूर दिले आणि म्हणाले, “बहिणीला विचारावे लागेल. तिचे जन्मघर आहे.” खरेदीदार हसला, पण मास्तर हसत नव्हते.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आमच्या वडिलांचीही एक गाडी होती. भायखळ्याच्या एका गॅरेजात ते मिस्त्री होते. कुणीतरी टाकून दिलेली फियाट ११००, मुंबईकर जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत ती, त्यांनी घेऊन रविवारी-रविवारी खपून चालती केली. तू बिश्वातला सारे घर तिच्यात कोंबून आम्ही पनवेल-पेणवरून अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबीच्या टाप्याला जात असू. मलिद्याचे सामान आईच्या मांडीवर असे. खडकावरची रथाच्या चाकाची खूण वडील आम्हां मुलांना बोटाने दाखवीत आणि हात जोडायला लावीत. १९७२ साली थोरले बंधू इस्राएलला निघाले, तेव्हा तयारीच्या खर्चासाठी ती गाडी विकली. कुणी हूं की चूं केले नाही. तिचा एक फोटोसुद्धा घेतला नाही. दगडावरच्या चाकाला हात जोडणारे आम्ही, दारातली चाके मात्र मुकाट्याने जाऊ दिली!

विकली हे चुकले असे आम्ही म्हणत नाही. माणसे जायची होती, आणि माणसांपुढे मोटार ती काय! पण तिची आठवण तरी लिहून ठेवायची होती.

सकाळी अश्दोदला बंधूंना फोन केला. फियाटचा नंबर त्यांनी एका दमात सांगितला. त्यांच्या हल्लीच्या गाडीचा नंबर विचारला तेव्हा मात्र अडखळले. मग जरा थांबून म्हणाले, “दुसरी चावी माझ्याजवळ आहे. वडिलांनी विमानतळावर हातात दिली होती. कशासाठी ते मी विचारले नाही.”

वाचकहो, तुमच्या इस्राएलमध्येही तीस वर्षांवरच्या मोटारीला संग्राह्य म्हणून मान आहे. हैफाच्या कारखान्यातल्या त्या फायबरग्लासच्या सुसिता गाड्या, ज्यांचे अंग उंट खातात अशी थट्टा चाले, त्यासुद्धा आता शौकीन जपतात. तुम्हांपैकी अनेकांनी त्या चालवल्या असतील. मुंबईत तर त्या फियाटच्या वंशातल्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. सगळ्यांना गाडी ठेवणे जमणार नाही, तेवढे अंगणही नाही. पण ट्रंकेत कुठे एखादा फोटो असेल, ज्यात मोटारीच्या बॉनेटला टेकून कुणी काका उभे आहेत. काढा तो. मागे लिहा की गाडी कुणाची, साल कोणते आणि तिच्यातून कोण कुठे गेले. हे सांगणारे माणूस घरात आहे तोवरच लिहा. आमच्याजवळ फोटो नाही. बंधूंनी त्या चावीला चिठ्ठी बांधून तिच्यावर गाडीचा नंबर आणि वडिलांचे नाव लिहिले आहे.