सहप्रवासी

सहप्रवासी परधर्मी असला की ओळखीची वाटही नवी वाटू लागते. वाळपईच्या वाटेवर माझ्या मॉर्मन मित्राने चहा नम्रपणे नाकारला. १८३३ सालच्या धर्मोपदेशानुसार चहा, कॉफी, मद्य, तंबाखू त्याला वर्ज्य. सत्तरीची गर्द वनराई डोळे भरून पाहत आम्ही ब्रह्मकरमळीस पोचलो. येथील ब्रह्मदेवाची मूर्ती सोळाव्या शतकात, पोर्तुगिजांच्या मंदिरविध्वंसातून वाचविण्यासाठी, तिसवाडीतील करमळीहून आणलेली. मित्राने हात जोडले नाहीत. परंतु पायताणे काढून तो कितीतरी वेळ स्तब्ध उभा राहिला. छळापायी घरेदारे सोडलेले त्याचे पंथबांधवही १८४७ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात येऊन वसले होते. श्रद्धेसाठी परागंदा होणे म्हणजे काय, हे त्याला मला सांगावे लागले नाही.