गोदामाईच्या गाळात कोण राहतं?

गंगेला पूर आला की नाशिककर क्युसेक्सचे आकडे विचारत नाहीत. ते पेपरात येतात. आपण विचारतो, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं?" गुडघ्याला, कमरेला की छातीला! होस्टेलवर आलेल्या बाहेरगावच्या मुलालाही पहिल्या पावसाळ्यात ही भाषा येते. जे थेट मोजता येत नाही ते खुणेवरून ओळखायचं. मेकॅनिकलवाले त्याला गेज म्हणतील. समुद्राच्या तळाशी गाडलेले जीव शोधणारे त्यांच्या खुणांना बायोमार्कर म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, नाशिकचा आणि समुद्राचा काय संबंध? संबंध आहे. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी 1465 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते आणि दख्खनची काळी माती बरोबर नेते. 1976 साली जायकवाडी झाल्यापासून आपल्याकडचा बराचसा गाळ नाथसागरातच अडतो. पण त्याआधीचा, हजारो वर्षांचा गाळ तिकडे थरावर थर साचलेला आहेच.

2006 साली 'जॉयडेस रिझोल्यूशन' या जहाजाने कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोरच्या समुद्रात तळाला भोकं पाडली. एका ठिकाणी सुमारे 130 मीटर जाडीच्या चिखलात मिथेन हायड्रेट, म्हणजे गॅस कोंडलेला बर्फ मिळाला. हा गॅस केला कोणी? मुख्यतः आर्कियांनी. हे दिसायला बॅक्टेरियासारखे, पण घराणं वेगळं. त्यांची खूण कार्बनमध्ये सापडते. सूक्ष्मजीवांना जड कार्बन-13 पेक्षा हलका कार्बन-12 वापरणं सोपं जातं, म्हणून त्यांनी केलेला मिथेन ठळकपणे हलका असतो.

पण थांबा! गॅस एवढंच सांगतो की इथे कोणीतरी होतं. आज आहे का, हा प्रश्न वेगळा. त्याच मोहिमेतल्या एका गाभ्यात झाडांच्या पानांवरचं मेण सापडलं. त्यावरून 2012 साली संशोधकांनी दाखवलं की मध्य भारत गेल्या सुमारे 4000 वर्षांत कोरडा होत गेला. म्हणजे मेलेल्या पानाचं मेण हजारो वर्षं टिकतं. मग जिवंत ओळखायचं कसं?

त्यासाठी पेशीचं आवरण बघतात. ते चरबीच्या रेणूंचं असतं. प्रत्येक रेणूला एक डोकं आणि खाली शेपट्या. पेशी मेली की फॉस्फेटचं डोकं लवकर तुटतं, शेपट्या मात्र लाखो वर्षं राहू शकतात. म्हणून डोक्यासकट रेणू सापडला तर मालक जिवंत, असा हिशेब. 2008 साली जर्मनीतल्या ब्रेमेनच्या गटाने अशीच डोकी मोजून सांगितलं की खोल गाळात आर्किया फार मोठ्या संख्येने आहेत. लगेच शंका निघाली. आर्कियांच्या रेणूंना बरेचदा साखरेचं डोकं असतं आणि ते मेल्यावरही फार काळ टिकू शकतं. म्हणजे मोजतोय ते गाव की स्मशान?

दुसरी पंचाईत आपल्या हातांची. बोटाचा ठसा लागला तरी स्क्वालीन आणि कोलेस्टेरॉल नमुन्यात जातं. प्लॅस्टिकमधून थॅलेट उतरतं. ड्रिलिंगला समुद्राचंच पाणी वापरतात, त्यात जीव असतातच. म्हणून त्या पाण्यात ओळखीचं रसायन मिसळतात, गाभ्याची बाहेरची साल काढून टाकतात, काचसामान भट्टीत तापवून घेतात आणि दर वेळी ब्लँक चालवतात. प्रॅक्टिकलला सर "आधी ब्लँक घ्या" म्हणतात ते जर्नल भरण्यासाठी नाही, हे मला इथे पटलं.

एवढं करून हाती काय लागतं? 2020 साली जपानी शास्त्रज्ञांनी दक्षिण पॅसिफिकच्या तळातला 10 कोटी वर्षांपूर्वीचा गाळ घेऊन त्याला अन्न दिलं. आतले सूक्ष्मजीव खाऊ लागले, वाढू लागले! आपल्या पांडवलेण्याचा दगड ज्या लाव्हाचा, तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याहून जुना गाळ, आणि आत उपाशी बसलेली वस्ती.

माझे आजोबा निफाडकडचे शेतकरी. नांगरट झाली की ढेकूळ फोडून नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "जिती हाय माती." त्या वासाचं रसायन जिओस्मिन, आणि ते जमिनीतले सूक्ष्मजीवच तयार करतात, हे मला फार उशिरा कळलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अस्थी रामकुंडात सोडल्या. गुरुजी म्हणाले, इथे अस्थी विरघळतात. मी मनात म्हटलं, चितेवर चरबी, प्रथिनं सगळी जातात, उरतं ते बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट. त्यात आजोबांची कुठलीच खूण नाही. आईला हे बोललो नाही.

पण त्यांनी एक गोष्ट मात्र शिकवून ठेवली होती. मातीला मेलेली म्हणायच्या आधी ती जवळ घेऊन बघायची. बंगालच्या उपसागरातल्या चिखलालाही हाच नियम लागतो. फक्त तिथे नाकाऐवजी मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, इतकंच.