आईचा फोन चार्जिंगला लागला की

रात्री साडेदहाला माझा पिंग मरायचा.

दिवसभर ठीक असायचा, ३८-४०. संध्याकाळी अख्खी कॉलनी सिरियली बघत असली तरी ५०च्या वर जायचा नाही. पण साडेदहाला आम्ही चौघं लॉबीत जमलो, विमानातून उड्या मारल्या आणि पहिल्या फाइटपर्यंत पोचलो, की कोपऱ्यातला हिरवा आकडा पिवळा व्हायचा आणि मग लाल. ४००. ६५०. एकदा तर ९०० बघितलाय. समोरचा गडी जागच्या जागी पळत राहायचा आणि पुढच्या क्षणी माझ्या पाठीमागे असायचा. मी भिंतीमागे जायचो, बसायचो, पट्टी बांधायला घ्यायचो आणि तेव्हा कुठे मरायचो. म्हणजे मेलेलो असायचो आधीच. मला कळायला उशीर व्हायचा एवढंच.

हे २०२३च्या जूनमधलं. बीजीएमआय दहा महिने स्टोअरमधून गायब राहून मे महिन्याच्या शेवटी परत आला होता. आम्ही सगळे उपाशी असल्यासारखे त्याच्यावर तुटून पडलो होतो. त्यात जुलैच्या अखेरीस आमच्या कराडात एक स्पर्धा होती. पहिलं बक्षीस पंचवीस हजार, पात्रता फेऱ्या ऑनलाइन, रात्री साडेदहा ते साडेबारा. चौघांत भागले तर सहा हजार दोनशे पन्नास. सेकंड इयरच्या पोराला ही रक्कम किती वाटते, हे ज्याला आठवतंय त्याला सांगायची गरज नाही.

टीमनं आधी समजून घेतलं. मग मस्करी सुरू झाली. मग आमचा कप्तान एका रात्री माइकवर म्हणाला, "तू पुढच्या वेळी सबस्टिट्यूट राहतोस का?" आवाजात राग नव्हता. तेच लागलं.

लॅग घालवण्याचे जेवढे उतारे माणसाला माहीत असतात तेवढे मी करून झाले होते. एअरप्लेन मोड चालू-बंद. राउटर बंद करून शंभरपर्यंत मोजणं. डीएनएस बदलून ८.८.८.८ करणं. (याने गेममध्ये काहीही होत नाही. सर्व्हरचा पत्ता सुरुवातीला एकदा शोधायला डीएनएस लागतं, त्यानंतर गोळ्या त्या वाटेनं जातच नाहीत. तरी प्रत्येक 'लॅग फिक्स' व्हिडिओत हा उपाय पहिला असतो.) एक ॲप घेतलं, त्यात एका रॉकेटचं चित्र होतं आणि बटण दाबलं की "पिंग ६०% कमी झाला" असं यायचं. कुणाचा झाला ते कळलं नाही. ग्राफिक्स स्मूदवर आणले, फोनचं कव्हर काढून समोर टेबलफॅन लावला. फोन तापून फ्रेम अडकणं हा वेगळा आजार आहे आणि त्यावर पंखा चालतो. पण माझा आकडा लाल होत होता, म्हणजे दुखणं नेटवर्कचं होतं.

शेवटी केबलवाल्या भाऊंना सांगून प्लॅन ५०चा १०० करून घेतला. वरचे पैसे आईकडून "प्रोजेक्टसाठी" म्हणून घेतले. डाउनलोड दुप्पट झालं आणि साडेदहाला पिंग पुन्हा मेला.

तेव्हा पहिल्यांदा मी नीट विचार करायला बसलो. पिंग म्हणजे वेग नाही, हे मला त्या रात्रीपर्यंत खरंच कळलेलं नव्हतं. पिंग म्हणजे एक हाक मारून तिचं उत्तर यायला लागलेला वेळ. माइक म्यूस नावाच्या माणसानं डिसेंबर १९८३मध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मुंबईहून सिंगापूर सुमारे ४,००० किलोमीटर. जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद, तेही तार सरळ रेषेत टाकली असती तर. यात कुठलंही रॉकेट काही करू शकत नाही. पण माझे ९०० त्यातले नव्हते. ९०० मिलिसेकंदांत प्रकाश तारेतून पृथ्वीला चार चकरा मारून येतो. माझे पॅकेट कुठेतरी वाटेत थांबून राहत होते.

फोनवर पिंग करण्याचं साधं ॲप घेतलं आणि दोन हाका मारत बसलो, एक घरच्याच राउटरला आणि एक बाहेर. राउटरकडून उत्तर ३ मिलिसेकंदांत. म्हणजे वायफायचा दोष नव्हता. असता तर हाच आकडा उडाला असता आणि २.४ सोडून ५ गिगाहर्ट्झवर जाऊन किंवा राउटरच्या जवळ बसून काम झालं असतं. बाहेरचं उत्तर साडेदहापर्यंत ३८. मग आई स्वयंपाकघर आवरून आली, ओट्याशेजारच्या सॉकेटला तिनं फोन लावला, दिवा मालवला. ४०. ११०. ३७०. ६८०.

मी उठून गेलो आणि तिच्या चार्जरची पिन काढली. थोड्या वेळानं आकडा परत ३८.

तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये होतं तसं: वायफाय असेल आणि चार्जिंग चालू असेल, तरच फोटो-व्हिडिओचा बॅकअप घ्यायचा. दिवसभराचे व्हिडिओ त्या वेळी वर चढायला लागायचे. एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण १३० एमबी. पंधरा मिनिटांचे असतील तर दोन जीबीच्या आसपास. आणि आमच्या प्लॅनचा १०० हा आकडा फक्त खाली उतरण्याचा. वर चढण्याचा मोजला तर ५ निघाला. ५च्या वेगानं दोन जीबी चढायला पाऊण-एक तास लागतो.

आमच्याकडचा माणूस असेल तर त्याला हे पुढचं लगेच कळेल. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरची रांग लागते, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या. आता समजा तुम्ही मोटरसायकलवर आहात, हातात नुसती एक चिठ्ठी आहे, ती काट्यापलीकडे पोचवायची आहे. पण नियम असा की आला त्या क्रमानं रांगेत उभं राहायचं. चिठ्ठीला वजन नाही, तिला रस्ताही फारसा लागत नाही, तरी ती चाळीस ट्रॅक्टरांच्या मागे. गेमचं तसंच आहे. माझी टीम हलते, बंदूक रोखते, गोळी मारते, ही सगळी चिठ्ठ्यांएवढी माहिती. तासभर खेळलो तरी एखाद्या मिनिटाच्या व्हिडिओएवढीही भरत नाही कदाचित. ती अडकते ती मोडेमच्या आतल्या रांगेत. त्या रांगेत अर्धा एमबी माल मावत असेल, तर ५च्या वेगानं तो उपसायला ८०० मिलिसेकंद लागतात. माझा लाल आकडा तो. प्लॅन वाढवून मी फक्त परतीचा रस्ता रुंद केला होता, काटा तेवढाच राहिला होता.

या दुखण्याला नाव आहे, बफरब्लोट. २०१०च्या सुमारास जिम गेटिस नावाच्या, आयुष्य संगणकात घालवलेल्या माणसाला ते स्वतःच्या घरी मोठी फाइल वर पाठवताना सापडलं. रांग जितकी लांब तितकं बरं, काही सांडत नाही, असं समजून सगळ्यांनी यंत्रांत मोठमोठे बफर घातले होते.

पण हे मी नंतर वाचलं. त्या रात्री मला एवढंच कळलं की कारण आईचा फोन आहे. मी तो उचलला, पॅटर्न मला माहीत होता, सेटिंगमध्ये गेलो आणि बॅकअप बंद केला. चार्जर परत लावला. तारीख २७ जून. स्क्रीनशॉटमुळे लक्षात आहे, टीमच्या ग्रुपवर मी ३८चा स्क्रीनशॉट टाकला होता, खाली लिहिलं होतं, "आता या."

ते व्हिडिओ कसले होते, हे मला माहीत होतं. आजीचे.

आजी त्या एप्रिलमध्ये पाटणजवळच्या गावाहून आमच्याकडे आली होती, खुबा मोडून. ऑपरेशन झालं, मग व्यायाम. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं की रोज पाय उचलताना व्हिडिओ काढून ठेवा, मी बघेन. आई काढायची. आजीला म्हणायची, मोज, दहापर्यंत. आजीला मोजायचा कंटाळा. ती तीनपर्यंत जायची आणि थांबायची. मग जूनच्या शेवटी कधीतरी तिनं मोजण्याऐवजी ओवी म्हटली. एक ओळ, एक पाय. ओवीचा दम संपेपर्यंत पाय वर. जात्यावर दळताना हात फिरतो त्या लयीत. आईला गंमत वाटली. ती मुद्दाम दुसरी विचारायला लागली, मग तिसरी. माहेरच्या, भावाच्या, माझ्या बापाच्या जन्माच्या वेळच्या. व्यायाम दहा मिनिटांचा अर्धा तास झाला.

जात्यावरच्या ओव्यांचं मोल मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणून सुटता येणार नाही. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून बायकांच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, हे मी कॉलेजच्या एका कार्यक्रमात ऐकलं होतं. ऐकताना फोनवर गेम चालू होता, पण ऐकलं होतं. घरात बाजूच्या खोलीत आजी म्हणायची तेव्हा मी हेडफोन लावायचो. शत्रूच्या पावलांचे आवाज ऐकू यायला हवेत ना.

१९ जुलैला पावसानं कपडे वाळत नव्हते म्हणून आई गच्चीवरून ओले कपडे खाली आणत होती. फोन बगलेत. तो बादलीत पडला, आणि तिला पाच-दहा मिनिटं पत्ताच नव्हता. तांदळात ठेवला, त्यानं काही होत नाही, ठेवला तरी. दुकानवाल्यानं उघडून बघितला आणि बोर्ड गेला म्हणाला. आतली चिप काढून माहिती मिळेल का विचारलं तर म्हणाला, हल्ली फोनमधला डेटा कुलूपबंद असतो, किल्ली त्याच बोर्डात, बोर्ड मेला की चिप नुसती काच.

आई दुकानात अगदी शांत होती. मला म्हणाली, "जाऊ दे, ते वर जातं ना सगळं. नव्यात येईल."

नव्या फोनमध्ये तिनं माझ्यासमोरच लॉगिन केलं. २६ जूनपर्यंतचं सगळं आलं. आजी तीनपर्यंत मोजते आणि थांबते, असे कितीतरी. २७ पासून काही नाही. "अजून येत असेल," ती म्हणाली. मी म्हटलं, "असेल." दोन दिवस ती बघत होती. मग तिनं विचारणं सोडून दिलं. चिंचवडच्या मावशीला तिनं मधले चार व्हॉट्सॲपवर पाठवलेले होते, ते मावशीनं परत पाठवले. बारीक होऊन आलेले, आजीचा चेहरा चौकोनाचौकोनाचा, आवाज मात्र बऱ्यापैकी. चार. बावीस दिवसांतले.

पुन्हा काढता आले असते. आईनं प्रयत्न केला. पण जुलैच्या शेवटी आजीला न्यूमोनिया झाला, त्यातून ती उठली ती बोलेनाशी होऊन, आणि ऑगस्टमध्ये गेली.

यावरचा खरा उपाय किती सोपा होता ते मला ऑक्टोबरात कळलं. खरं तर सगळ्यात सोपा उपाय आईला "फोन साडेबारानंतर लाव" असं सांगणं, हा होता. ते सुचलंच नाही, कारण मग का, हे सांगावं लागलं असतं. दुसरा उपाय राउटरमधला. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे बघायचं नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते बघायचं. ५ मिलिसेकंदांहून जास्त वेळ सतत खोळंबा होत असेल तर एखादं टाकून द्यायचं, म्हणजे पाठवणारा आपोआप दमानं घेतो. त्याचीच पुढची आवृत्ती प्रत्येकाची रांग वेगळी लावते. ट्रॅक्टर ट्रॅक्टरच्या रांगेत, आणि चिठ्ठीवाल्याला मध्ये सोडायचं.

मी एक जुना राउटर अडीच हजाराला घेतला, ज्यावर ओपनडब्ल्यूआरटी चढतं. त्यात अपलोडची मर्यादा ५ऐवजी ४.५ टाकली. हे थोडं कमी टाकणं महत्त्वाचं, कारण मग रांग मोडेमच्या आडमुठ्या काट्यावर न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे आपले नियम चालतात. बॅकअप पाच-सहा मिनिटं उशिरा संपतो. पहिल्या रात्री मी मुद्दाम आईच्या नव्या फोनवरून मोठे व्हिडिओ वर चढवायला लावले आणि गेम उघडला. ४३. ४६. ४४. हिरवा.

स्वयंपाकघरात तो फोन अंधारात ओट्याशेजारी चमकत होता. मी मॅच पूर्ण केली नाही.

आईला सांगायला मला डिसेंबर उजाडला. ती मेथी निवडत होती. मी शेजारी बसलो, दोन जुड्या निवडून होईपर्यंत गप्प होतो, मग सगळं सांगितलं. पिंग काय, बॅकअप काय, २७ जून, पॅटर्न. तिनं हात थांबवले नाहीत. मध्ये एकदा विचारलं, "म्हणजे त्या रात्री चार्जर तू काढलेलास?" तेवढंच. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं आता रडेल, किंवा ओरडेल, त्याची मी तयारी करून आलो होतो.

"मग, जिंकलात का?" तिनं विचारलं.

"नाही. सतरावे आलो."

"किती टीम होत्या?"

"चोवीस."

तिनं मान हलवली, देठं गोळा केली, आणि उठताना तिचा फोन माझ्याकडे सरकवला. "मावशीनं पाठवलेले ते चार बघ, नीट सेव्ह झालेत का. वर गेलेत का तेही बघ."