कॉव्हेंट्रीचा मोग

लंडनच्या यूस्टन स्टेशनातून निघालेली आगगाडी तासाभरात कॉव्हेंट्रीला पोचते. विलायतेस जाणारी आपली मंडळी स्ट्रॅटफर्डला जातात, ऑक्सफर्डला जातात. कॉव्हेंट्रीला मुद्दाम कोणी उतरत नाही. हे मोटारींच्या कारखान्यांचे गाव. मीही उतरलो तो भाचा तिथे नोकरीला आहे म्हणून. स्टेशनावरून पायी वीसएक मिनिटांत देवळापाशी आलो, आणि कॅमेरा पिशवीतच राहिला.

तिथे एक नव्हे, दोन देवळे आहेत. जुन्या सेंट मायकेलचे छप्पर नाही. चार भिंती, रिकाम्या खिडक्या, आणि एका टोकाला जवळजवळ तीनशे फुटांचा मनोरा तेवढा सुखरूप. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या गावावर सुमारे अकरा तास बॉम्ब टाकले. साडेपाचशेहून अधिक माणसे गेली. त्या हल्ल्याला जर्मनांनी सांकेतिक नाव दिले होते ‘मूनलाइट सोनाटा’. पौर्णिमेच्या आसपासची रात्र होती, म्हणून बेथोवनची ही लाडकी रचना! संगीताचा इतका ओंगळ उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचे मला ठाऊक नाही.

जळलेल्या छपराच्या दोन तुळया आडव्या-उभ्या पडलेल्या सापडल्या. त्यांचा क्रूस बांधून ठेवला, आणि पुढे मागल्या भिंतीवर दोनच शब्द कोरले : ‘पित्या, क्षमा कर’. कोणाला, ते लिहिलेले नाही. ‘त्यांना’ म्हटले असते तर आपण सुटलो असतो. शेजारीच बेसिल स्पेन्सने बांधलेले नवे देऊळ आहे. त्याची प्रतिष्ठापना २५ मे १९६२ ला झाली. भग्न देवळातून नव्यात पाहावे तर मध्ये काचेची प्रचंड भिंत. तिच्यावर कोरलेल्या देवदूतांतून आतला मंद उजेड दिसतो.

याच नव्या देवळात ४ ऑक्टोबर १९७५ रोजी तीन जर्मन तरुण विजेची वाद्ये घेऊन बसले. एडगर फ्रोझे, ख्रिस्तोफर फ्रांके आणि पीटर बाउमान. बर्लिनच्या या मंडळींच्या संचाचे नाव ‘टँजरीन ड्रीम’. आदल्या वर्षी, १३ डिसेंबर १९७४ ला, ते फ्रान्समधल्या ऱ्हाँसच्या कॅथेड्रलात वाजवून आले होते. तिथे देवळात मावेना इतकी गर्दी झाली, आणि अडकलेल्या श्रोत्यांनी प्राचीन खांबांचा आडोसा नको त्या कामासाठी घेतला. धर्माधिकारी संतापले, हे ओघाने आलेच. ते ऱ्हाँसचे देऊळही १९१४ साली जर्मन तोफांनीच फोडलेले. म्हणजे हे तिघे, जाणून असो वा नकळत, वाडवडिलांच्या पाऊलखुणांवरूनच हिंडत होते. फ्रोझेचा जन्म १९४४ चा, बाकीचे दोघे तर युद्धानंतरचे. तरी आडनावे जर्मनच.

भाच्याकडे त्या दौऱ्याची लाँग-प्ले तबकडी आहे, ‘रिकोशे’, १९७५ सालची. अडतीस मिनिटांत दोन बाजू, दोन रचना, गाणे एकही नाही. तिच्यावरचे मुख्य वाद्य ‘मूग’. आमच्या घरी या नावावर ‘मग मटकी कुठे आहे?’ असा प्रश्न आला होता. पण रॉबर्ट मूग या अमेरिकन गृहस्थाच्या नावाचा खरा उच्चार ‘मोग’ असा आहे, हे कळल्यावर माझी गोव्याकडची पत्नी खूष झाली. मोग म्हणजे तिच्याकडे प्रेम!

(आणि हे यंत्र आपल्याला अगदीच परके नाही बरे का. अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन वादकाने एक मोग बसवून दिला होता.)

ते यंत्र दिसते टेलिफोन एक्स्चेंजसारखे. खणाखणांचे कपाट, आणि पुढे वायरींचे जंजाळ. विजेच्या कंपनांतून सूर निघतो. कपाट तापले की सूर सरकतो, की पुन्हा जुळवणी. त्यात एक खण आहे सिक्वेन्सर. आठ घरांच्या तीन ओळी. प्रत्येक घराची कळ फिरवून जितका विजेचा दाब ठेवाल तितका सूर चढा किंवा उतरता. यंत्र ती घरे एकामागून एक वाजवीत राहते. आपल्याकडे तबल्याच्या स्वतंत्र वादनाला हार्मोनियमवर नगमा धरतात ना, तसाच हा न थकणारा नगमा. फरक इतकाच, की इथे फ्रांके चालत्या नगम्याच्याच कळा पिळतो. एक सूर हळूच बदलतो, मग दुसरा, आणि पाच मिनिटांनी आपण कुठल्या कुठे येऊन पोचलेले असतो. आलापी सरावाची असलेल्या कानाला हे संगीत जड जाऊ नये. गाण्याला मुखडा हवाच असे वाटणाऱ्यांचे मात्र काम नव्हे.

दुसरे वाद्य मेलोट्रॉन. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा तुकडा, त्यावर खऱ्या बासरीचा किंवा व्हायोलिनांचा सूर. पट्टी दाबली की फीत सरकते, आणि आठएक सेकंदांनी संपते! तेवढ्यात बोट उचलायचे. हे बर्मिंगहॅमला तयार झालेले यंत्र. म्हणजे कॉव्हेंट्रीपासून हाकेच्या अंतरावर. बर्लिनच्या पाहुण्यांच्या हाती यजमानांचेच वाद्य.

भाचा ही तबकडी संध्याकाळी लावतो, आणि एका जागी शेजारच्या आजीबाई भिंतीवर काठी आपटतात. ठराविक जागी. बाई नव्वदीच्या. “मामा, त्यांना आवाजाचा त्रास होत नाही,” भाचा म्हणाला. “त्या घुमण्याचा होतो.”

मला उमगायला वेळ लागला. दोन सूर जवळजवळ सारखे, पण किंचित वेगळे असले की त्यांच्यातून ठोका उमटतो. एक सेकंदाला ११० कंपनांचा, दुसरा १११ चा, तर सेकंदाला एक हेलकावा. तंबोरा लावताना तो हेलकावा नाहीसा होईपर्यंत आपण खुंटी पिळतो; मोगवाले तो मुद्दाम ठेवतात. त्यानेच खर्ज जिवंत होतो. आणि १९४० साली जर्मन बॉम्बफेक्या विमानांच्या इंजिनांची गती एकमेकांशी जुळत नसे, म्हणून तीही अशीच थांबून थांबून घुमत. पाच-सहा वर्षांच्या मुलीने तो घुमारा तळघरात बसून रात्रभर ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी चहाला आम्ही तिच्याकडे गेलो. तिने स्वतःच विषय काढला. १९७५ साली तिचा मुलगा सतरा वर्षांचा. देवळात जर्मन वाजवणार आणि आपला मुलगा पैसे देऊन ऐकणार, हे तिला सोसेना. नवरा म्हणाला, “जाऊ दे त्याला.” जर्मन पोरांनी १९६१ साली येऊन याच पडक्या देवळात बांधकाम केले होते, आणि कॉव्हेंट्रीची पोरे १९६५ साली ड्रेस्डेनला इस्पितळ उभारायला गेली होती, हे त्याने तिला ऐकवले. मुलगा गेला. घरी आल्यावर आईने विचारले नाही, त्याने सांगितले नाही. आता तो ऑस्ट्रेलियात असतो.

“दुसरी बाजू लावा,” ती भाच्याला म्हणाली. “पहिली मला भिंतीतून पाठ झाली आहे.”

भाच्याने यंत्र तिच्याकडे आणले. दुसरी बाजू सुरू होते ती मोगने नव्हे, नुसत्या पियानोने. उदास, एकट्याचा पियानो. ‘मूनलाइट सोनाटा’ माझ्या मनात आला. तिच्या आला की नाही, विचारायची हिंमत झाली नाही. मग बासरी, मग तो नगमा घोड्यासारखा दौडत आला. खर्ज घुमू लागला तशी भाच्याचा हात आवाजाच्या कळीकडे गेला. तिने मानेनेच नको म्हटले. काठी मांडीवर आडवी धरून ती शेवटपर्यंत बसली. डोळे उघडे होते.

अखेरीस टाळ्या येतात.

“यात माझ्या मुलाच्या टाळ्या असतील,” ती म्हणाली.

भाचा प्रामाणिक. त्याने सांगून टाकले, की ही तबकडी कॉव्हेंट्रीची नव्हे. दौऱ्यातल्या फिती निवडून, पुढे स्टुडिओत संस्कार करून ती सिद्ध केली आहे. या बाजूचा बराच भाग क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉलमधला. टोनी पामरने कॉव्हेंट्रीच्या त्या रात्रीचा चित्रपट काढला खरा, पण त्याच्यावरही संगीत आहे ते ‘रिकोशे’चेच.

बाईंनी जरा विचार केला.

“क्रॉयडनवरही पुष्कळ बॉम्ब पडले होते,” ती म्हणाली, आणि मला आणखी चहा हवा का म्हणून विचारले.