पाटा वाढवण्याआधी काट्यावर चला

संपादकांनी मागितला होता तो ‘सोलापूरचे कारागीर’ या विषयावरचा लेख. मी म्हटलं, कारागिरीचं कौतुक पुष्कळांनी लिहिलंय, मला पाट्यांवरच लिहू द्या. त्यांनी मान्य केलं. फक्त आकडेमोड टाळा म्हणाले. तेवढं मला जमेल असं वाटत नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं पाट्यांचं वर्कशॉप आहे. ट्रकच्या ॲक्सलवर एकाखाली एक रचलेल्या पोलादी पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील, तेच पाटे. वरची चासी आणि सगळा माल त्यांच्यावर तोललेला असतो. गिऱ्हाईक येतं ते बहुतेक एकच मागणी घेऊन: “मालक, गाडी मागून बसतीय, दोन-दोन पाटे वाढवा.” माल किती भरता, असं विचारलं की उत्तर येतं, “भरतो की नेहमीएवढा.” हे ‘नेहमीएवढा’ ऐकून मी आता थकलोय.

या पावसाळ्यातली एक गाडी अजून डोक्यातून जात नाही. साखर कारखाने बंद असतात तेव्हा गिरणीचे रोलर दुरुस्तीला बाहेर पाठवतात. मोहोळ तालुक्यातल्या एका तरुण वाहतूकदाराकडे ते काम होतं. ट्रेलर लांब, त्यावर दोन रोलर मिळून वीसेक टन, आणि दोन्ही रोलर ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला टेकवून ठेवलेले. ओढणारी गाडी मागून पार दबली होती. त्याला वाटलं, पाटे कमी पडले. मी टेप लावून मोजलं. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जिथे जोडला जातो ती किंगपिन आणि मागच्या ॲक्सलचा मध्य यांत साधारण आठ मीटर अंतर होतं. हिशेब सोपा आहे: वीस टन माल एक मीटर मागे सरकवला, तर वीस भागिले आठ, म्हणजे अडीच टन ओझं ओढणाऱ्या गाडीवरून उतरून ट्रेलरच्या चाकांवर जातं. एकही पाटा न लावता अडीच टन! पण ड्रायव्हरला भीती, की भिंतीचा आधार सुटला तर ब्रेक मारल्यावर रोलर पुढे येतील. भीती खरी आहे. त्याला उपाय साखळदंड, टर्नबकल आणि पक्की लाकडी अडण हा आहे, पुढे ढकलून ठेवणं हा नव्हे. मी पाटे लावायला नकार दिला. त्याने ते दुसरीकडून लावून घेतले. गणपतीच्या आसपास गाडी परत आली, तेव्हा पाट्याच्या हँगरजवळ चासीला चीर गेली होती. आणि मागणी काय? “आता जरा जाड पाटे टाका.”

या जाड पाट्यावर मला सविस्तर लिहायचंच आहे, कारण आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. पाट्यांची संख्या वाढवली तर ताठपणा त्या प्रमाणात वाढतो. सारख्या जाडीच्या दहा पाट्यांत दोन घातले, तर ढोबळमानाने वीस टक्के. पण जाडी वाढवली तर ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. दहा मिलिमीटरच्या जागी बारा मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा पावणेदोनपट ताठ होतो. शेजारच्या पातळ पाट्यांबरोबर तो तेवढाच वाकतो, पण वाकताना त्याच्या पृष्ठभागावर जास्त ताण येतो. म्हणून संचातला जाड पाटाच आधी तुटतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, पोलाद खराब निघालं. पोलादाचा काही दोष नसतो.

आता दोन पाटे वाढवून मिळतं काय ते पाहा. भरल्या गाडीत मागच्या पाट्यांवर दहा टन आणि दाब, म्हणजे पाटे जेवढे खाली बसतात ते अंतर, दहा सेंटिमीटर धरा. वीस टक्के ताठपणा वाढला की दाब सव्वाआठच्या आसपास येतो. मिळाले जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. रिकाम्या गाडीत त्याच पाट्यांवर तीन टन असतील, तर दाब मुळातच तीन सेंटिमीटर होता, तो अडीचवर येतो. गाडी सेकंदाला किती हेलकावे खाते हे काढायचं, तर पाच भागिले या दाबाचं वर्गमूळ. भरलेली गाडी पावणेदोनच्या आसपास, रिकामी तीनच्याही वर. त्या हेलकाव्यात चाक रस्ता सोडतं, आणि रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे फार महत्त्वाचं आहे. उसाची गाडी कारखान्याकडे भरून जाते आणि फडाकडे रिकामी येते. निम्मा प्रवास रिकामाच. म्हणून मी हेल्पर पाट्याचा आग्रह धरतो. मुख्य संचाच्या वर वेगळा बसवलेला हा छोटा संच, गाडी ठरावीक दबल्यावरच त्याची टोकं टेकतात. रिकामी गाडी मऊ राहते, भरलेली सावरली जाते. अनेक कंपन्या मोठ्या ट्रकना तो मुळातच देतात. आमच्यातले काही जण तो काढून त्याच्या जागी पूर्ण लांबीचे पाटे ठोकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाकलेला पाटा थंडाच हातोड्याने ठोकून कमान चढवणं, पाट्याला वेल्डिंग करणं, हेही तसंच. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा तिथेच मोडतो.

एअर सस्पेन्शनबद्दल तरुण मंडळी विचारतात. पुणे-हैदराबाद रस्त्यावर काचसामान किंवा यंत्रं नेणाऱ्याने ते जरूर घ्यावं. काळ्या मातीच्या फडात उतरणाऱ्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

खर्च करायचाच असेल तर आधी यू बोल्टवर करा. यू बोल्ट ढिले असले की पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो. नवे बोल्ट भरल्या गाडीच्या पहिल्या फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावे लागतात, आणि हे सांगूनही कोणी परत येत नाही. शॅकल, बुश, शॉकअप पाहा. पाटे बदलाल ते दोन्ही बाजूंचे बदला.

आणि एवढं केलं तरी गाडीची क्षमता वाढत नाही. टायर, ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक जुन्याच वजनाचे राहतात. केंद्र सरकारने जुलै २०१८मध्ये ॲक्सलची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका ॲक्सलला १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. तुमच्या गाडीला लागू असतो तो आरसी बुकातला आकडा. त्यापलीकडे भरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. मला ठाऊक आहे, वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, ऊसतोड टोळीला उचल आधीच दिलेली असते, डिझेल महाग आहे. म्हणून जास्त भरलं जातं. पण त्या गणिताचं उत्तर माझ्या वर्कशॉपमध्ये नाही, आणि ते पाट्यात शोधणाऱ्याला मी खोटं आश्वासन देणार नाही.

हंगाम सुरू होतोय. कारखान्यावर प्रत्येक खेपेला गाडी वजनकाट्यावर चढते, पण ती पावती फक्त पैशासाठी वाचली जाते. तुम्ही ट्रक किंवा ट्रेलर चालवत असाल तर एक करा: एखाद्या मोकळ्या वेळी भरलेली गाडी काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पुढची आणि मधली, मग सगळी गाडी. वजाबाकी करून कोणत्या ॲक्सलवर किती ओझं येतं ते लिहून काढा. पाटे लावायला कुठेही जा, पण ती चिठ्ठी बरोबर असू द्या. माझ्याकडे ती चिठ्ठी पाहिल्याशिवाय पाटा वाढवून मिळणार नाही.