स्तंभांवर उरलेले हात

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक याची ओळख मला ‘एरियन पाखंडी’ या दोनच शब्दांत झाली. ख्रिस्त पित्यासमान ईश्वर आहे हे न मानणाऱ्या पंथाचा तो राजा. त्याच्याविषयी अधिक जाणून घ्यावे असे कोणास वाटणार? पुढे वाचनाच्या ओघात तो पुन्हा भेटला आणि मनात घर करून राहिला.

त्याचे बालपण कॉन्स्टॅन्टिनोपलच्या दरबारी ओलीस म्हणून गेले. सम्राट झेनो याच्या संमतीने ४८९ साली तो आपल्या लोकांसह इटलीत उतरला. ४९३ मध्ये रॅव्हेना शरण आले आणि समेटानंतरच्या मेजवानीत त्याने प्रतिस्पर्धी ओडोएसरला स्वहस्ते ठार केले. अशा रक्तरंजित आरंभानंतर इटलीस तीस वर्षे शांतता लाभावी, हे नवलच! रोमन कायदा कायम राहिला. कॅसिओडोरससारखे विद्वान रोमन कारभार पाहू लागले. श्रद्धा सक्तीने लादता येत नाही, ही भूमिका राजाच्या नावे यहुद्यांना धाडलेल्या पत्रात आढळते. रॅव्हेनात एरियनांचे आणि कॅथलिकांचे अशी दोन बाप्तिस्मागृहे आजही उभी आहेत.

मग बिघडले कोठे? रोम व कॉन्स्टॅन्टिनोपल यांच्या ख्रिस्तसभांतील दुरावा ५१९ साली मिटला. आपली कॅथलिक प्रजा आता सम्राटाकडे झुकेल, या संशयाने वृद्ध राजाला ग्रासले. तत्त्ववेत्ता बोएथियस याच्यावर राजद्रोहाचा आरोप आला. ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ हा ग्रंथ बंदिवासात लिहून ५२४ च्या सुमारास तो देहदंडास सामोरा गेला. एरियनांसाठी रदबदली करण्यास सम्राटाकडे पाठविलेले पोप संत पहिले जॉन परतताच बंदिवान झाले आणि ५२६ च्या मे महिन्यात तेथेच निधन पावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजाही वारला.

पुढचा विनाश भयंकर होता. राजकन्या अमालासुंथा हिचा ५३५ मध्ये खून झाला. ते निमित्त करून सम्राट जस्टिनियनने सैन्य धाडले. रोमला वेढा पडला, शहराचे जलमार्ग तोडले गेले. ५५२ मध्ये राजा टोटिला पडला आणि गॉथांचे राज्य संपले. विजय कॅथलिक सम्राटाचा झाला खरा; पण उजाड झालेल्या इटलीत ५६८ साली लोंबार्ड शिरले, तेव्हा त्यांना रोखण्याचे बळ उरले नव्हते.

थिओडोरिकने राजवाड्याशेजारी बांधलेले मंदिर, आजचे संत अपोलिनारे नुओव्हो, कॅथलिकांच्या हाती आले. तेथील भिंतीवर रंगीत खड्यांनी त्याचा राजवाडा चितारला होता. त्यातील माणसे काढून टाकून त्यांच्या जागी पडदे जडविण्यात आले. काम नेटके झाले, तरी काही हात मात्र खांबांवर तसेच राहून गेले.

वाटणीवरून दुरावलेल्या भावाचे नावही घरात घेतले जात नाही, अशी कुटुंबे मी धर्मग्रामात पाहतो. त्यांच्या उंबरठ्यावर मला ते हात आठवतात. ज्यांच्याशी आपले पटले नाही, तेही याच छपराखाली उभे होते, एवढीच साक्ष ते देत आहेत.