क्रियापद कोणाचें ऐकतें?

घरांत पांचसात मुलें शाळेंत जाणारीं असलीं, म्हणजे सायंकाळीं ओटीवर 'ईट, एट, ईटन. गो, वेंट, गॉन' हा घोष ऐकूं येतोच. घोकणाऱ्यास मध्येंच थांबवून 'क्रियापद म्हणजे काय रे?' असें विचारावें, तर 'क्रिया दाखविणारा शब्द' हें उत्तर तत्काळ मिळतें. उत्तर खोटें नव्हे, पण अपुरें आहे. 'धांव' आणि 'झोप' हेही क्रियेचेच शब्द. मग 'त्याची झोप मोडली' येथें झोप हें नाम कां? ह्याचें मर्म यास्काचार्यांनीं निरुक्तांत फार पूर्वींच सांगून ठेविलें आहे. नामांत सिद्ध झालेली वस्तु प्रधान असते, आख्यातांत घडत असलेला व्यापार प्रधान असतो. हा विवेक इंग्रजीसही तितकाच लागू पडतो.

परंतु क्रियापद ओळखणें ही पहिली पायरी झाली. खरा प्रश्न पुढें आहे: क्रियापद वाक्यांत कोणाचें ऐकतें? इंग्रजीचें उत्तर सरळ आहे. तेथें तें कर्त्याचें ऐकतें, आणि तेंही बेताचेंच. 'आय ईट', पण 'ही ईट्स'; भूतकाळीं तर सर्वांस एकच 'एट'. कर्म कोणत्याही लिंगाचें वा वचनाचें असो, क्रियापद त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. मराठीचा संसार निराळा. 'मुलानें ग्रंथ वाचला, पोथी वाचली, पुस्तक वाचलें': कर्ता तोच, काळ तोच, पण क्रियापद कर्माच्या मागें धांवलें. ह्याचें कारण आमच्या भाषेच्या कुळांत आहे. 'अहं फलम् अखादम्' ही संस्कृताची एक रीत, 'मया फलं खादितम्' ही दुसरी. मराठीचा सकर्मक भूतकाळ ह्या दुसऱ्या रीतींतून उतरला. म्हणून कर्ता तृतीयेंत जाऊन बसला आणि क्रियापदाचा लगाम कर्माच्या हातीं आला. मराठी मुलगा प्रथम भाषांतरास बसतो तेव्हां तो ह्या 'नें'चें इंग्रजी शोधीत राहतो, आणि तें तर तेथें नसतेंच!

आमचें सोलापूर हें तीन भाषांचें गांव. ज्या सिद्धरामेश्वरांची यात्रा येथें संक्रांतीस भरते, त्यांचीं वचनें कानडी. मागांवर बसणारीं कितीतरी कुटुंबें तेलंगणांतून आलेलीं, त्यांची घरची भाषा तेलुगू. एकाच बांकावर तीन मातृभाषा बसत, आणि प्रत्येकीची इंग्रजींतील चूक वेगळी असे. कानडी व तेलुगू मुलें 'ही इज माय ब्रदर' ह्यांतील 'इज' हटकून गाळीत. कारण 'तो माझा भाऊ' एवढें म्हटलें कीं त्यांच्या भाषांत वाक्य पुरें होतें. उलट क्रियापद कर्त्याशीं जुळविण्याची इंग्रजीची रीत त्यांस सहज वठे, कारण त्यांच्या भाषांतही भूतकाळाचें क्रियापद कर्त्याचेंच ऐकतें.

हीच रीत आमच्याकडील मराठी बोलींतही आढळते. 'मी काम केलों', 'मी भाकरी खाल्लों' अशीं वाक्यें सोलापुरांत पदोपदीं ऐकूं येतात. पुण्याकडील पाहुणे तीं ऐकून हंसतात. आमच्या एका हुशार विद्यार्थ्यावर हें हंसणें फार जड गेलें. विणकराच्या घरांतला मुलगा. शिष्यवृत्ति मिळवून पुण्यास एका महाविद्यालयांत गेला. पहिल्याच आठवड्यांत वर्गांत उभा राहून 'मी हें पुस्तक वाचलों' म्हणाला आणि सारा वर्ग खदखदला. त्यानंतर त्यानें तोंड उघडलें नाहीं. चार महिन्यांनीं आम्हांस पत्र आलें: 'गुरुजी, मला भाषाच येत नाहीं. परत येऊन मागावर बसतों.'

आम्हीं त्यास लांबलचक उत्तर लिहिलें. तुझें 'वाचलों' हें अज्ञान नव्हे, तो शेजारधर्म आहे, असें कळविलें. १९७१ सालीं गंपर्झ व विल्सन ह्या संशोधकांनीं सांगली जिल्ह्यांतील कुपवाडच्या बोलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं नांदलेल्या तेथील कानडी, मराठी व उर्दू बोलींची वाक्यरचना इतकी एकरूप झाली होती कीं, एकींतील वाक्याच्या जागीं दुसरींतील शब्द ओळीनें मांडीत जावें. शिवाय प्रमाण मराठींत तरी काय आहे? 'मी धडा शिकलों', 'मी पाणी प्यालों', 'मी तुझें नांव विसरलों' हें शुद्धच ना? येथें कर्म समोर असूनही क्रियापद कर्त्याचेंच ऐकतें. 'शिकलों' चालतें आणि 'वाचलों' चालत नाहीं, ह्यास रूढीवांचून दुसरें कारण नाहीं. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, मोरो केशव दामल्यांचें शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ सालीं निघालें. अशा ग्रंथांनीं प्रमाण भाषेचे नियम नोंदविले, बोलणाऱ्याची लायकी ठरविली नाहीं. शेवटीं एवढेंच लिहिलें कीं, परीक्षेच्या कागदावर 'मीं पुस्तक वाचलें' असेंच लिही. तेथें रूढीचा मान राखावा लागतो. पण त्याकरितां मुका होऊं नकोस.

मुलगा परतला नाहीं. पदवी घेऊनच आला, आणि आज तो स्वतः मुलांस शिकवितो.

सुशिक्षित घरांतील वडील मंडळींस आमची एक विनंति आहे. शेजारच्या मुलांत खेळून आलेला नातू 'मी जेवण केलों' म्हणाला, किंवा अक्कलकोटकडून आलेली सूनबाई 'मी चहा पिलों' म्हणाली, तर चारचौघांत हंसूं नये. प्रमाण रूप अवश्य सांगावें, पण त्याबरोबर दोन्हीं रूपांतील भेद आणि त्याचें कारणही सांगावें. असा मुलगा इंग्रजीच्या धड्याशीं येईल तेव्हां क्रियापद कर्त्याचें ऐकतें कीं कर्माचें, हा प्रश्न त्यास नवा वाटणार नाहीं. घरच्या जेवणाच्या पंक्तींतच त्याची उकल झालेली असेल.